वायबीसीओची गोळी ७७ केल्विनला चुंबक उचलत नाही: चुकतंय कुठे?

कळवेकर (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी वायबीसीओची, म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची (१:२:३) गोळी केली आहे. संक्रमण तापमानाच्या खाली हा पदार्थ अतिवाहक होतो, म्हणजे त्याचा प्रतिरोध शून्य होतो आणि तो वरचा चुंबक उचलून धरतो. द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून वर ६ मिमी व्यासाचा निओडिमियम चुंबक ठेवला, तर तो जराही उचलला जात नाही. मल्टिमीटरची दोन टोकं गोळीवर दाबून प्रतिरोध पाहिला: खोलीच्या तापमानाला २.६ ओहम, नायट्रोजनमध्ये १.८.

कृती अशी: तिन्ही पावडरी मोलच्या हिशेबाने तोलून खलात तासभर घोटल्या. ९२० अंश सेल्सिअसवर १२ तास भाजलं, एकदाच. पुन्हा घोटून १३ मिमीच्या डायमध्ये ४ टन दाबाखाली २ ग्रॅमची गोळी. ती अ‍ॅल्युमिनाच्या बोटीत (लांबट भांड्यात) ९४० अंशांवर १२ तास, सगळं हवेतच. मग भट्टी बंद करून झाकण किलकिलं ठेवलं. गोळी काळी आहे, एका बाजूला हिरवट छटा आहे.

विद्यार्थ्यांचा आणखी एक प्रश्न आहे. बिस्मथवाल्या २२२३ या अतिवाहकाचं संक्रमण तापमान ११० केल्विन, वायबीसीओचं ९२. असं असताना ७७ केल्विनला चुंबक वायबीसीओवरच घट्ट का बसतो?

भट्टीवाला_रबाळे (सोमवार, रात्री ९:२६)

झाकण किलकिलं केलंत तिथेच गोळी गेली. ६०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात तिला ऑक्सिजन प्यायला वेळच मिळाला नाही.

नेरुळची_रसायनी (सोमवार, रात्री १०:०५)

भट्टीवाले बरोबर सांगताहेत. का, ते नीट मांडते, कारण याच एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे.

वायबीसीओच्या सूत्रात ऑक्सिजनचा आकडा पक्का नसतो, तो साधारण ६ ते ७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. ९४० अंशांवर तो सहाच्या थोडासाच वर असतो आणि रचना चतुष्कोनी असते. थंड होताना पदार्थ हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. हवेत साधारण ६०० ते ६५० अंशांच्या आसपास, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ७०० च्या जवळ, रचना बदलते: आत शिरलेले अणू एका दिशेने रांगेत बसतात आणि तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्या तयार होतात. ४०० च्या खाली ऑक्सिजनचा आत शिरण्याचा वेग इतका मंदावतो की पुढे कितीही थांबलं तरी उपयोग नाही.

साखळीत बसलेला ऑक्सिजन शेजारच्या तांबं-ऑक्सिजनच्या सपाट थरांतून इलेक्ट्रॉन ओढतो. त्या थरांत मागे राहिलेल्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, याच अतिवाहकतेचं भांडवल. ऑक्सिजन ६.९३ च्या आसपास असेल तर ९२-९३ केल्विन. ६.५ ते ६.६ ला तोच पदार्थ ६० केल्विनच्या आसपास अडकतो. साधारण ६.३५ च्या खाली तो अतिवाहक उरतच नाही, प्रतिलोहचुंबकीय विद्युतरोधक होतो. तिन्ही वेळा रंग काळाच, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही.

तुमची गोळी बहुधा ६.५ च्या आसपास आहे. म्हणजे ती बिघडलेली नाही, ७७ केल्विनला तिचं तापमानच आलेलं नाही.

मिलिओहम (सोमवार, रात्री १०:४०)

आधी तो मल्टिमीटर बाजूला ठेवा. १३ मिमीच्या गोळीचा स्वतःचा प्रतिरोध खोलीच्या तापमानाला काही मिलिओहम असतो. तुमचे २.६ ओहम हे तारांचे आणि दाबलेल्या टोकांचे आहेत. गोळी उत्तम अतिवाहक असती तरी दोन टोकांनी तुम्हाला ओहमच दिसले असते.

चार टोकं हवीत. गोळीवर चांदीच्या पेस्टचे चार ठिपके एका रेषेत, मध्ये २-२ मिमी अंतर. बाहेरच्या दोघांतून १० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह, आतल्या दोघांत मायक्रोव्होल्ट मोजणारा मीटर. प्रत्येक तापमानाला प्रवाह उलटा करून दोन्ही वाचनांच्या फरकाचं निम्मं घ्यायचं. नाहीतर तारांच्या जोडांवर तापमानाच्या फरकाने जे व्होल्टेज तयार होतं, तेच तुम्ही प्रतिरोध म्हणून लिहून ठेवाल. तापमानासाठी पीटी-१०० (प्लॅटिनमचा तापमान-सेन्सर) पुरतो, ७७ केल्विनला तो साधारण २० ओहम दाखवतो. तो गोळीला चिकटलेला हवा, नायट्रोजनमध्ये लोंबकळता नको.

पारसिक_डोंगर (सोमवार, रात्री ११:१५)

हिरवट छटा कुठल्या बाजूला आहे? बोटीला टेकलेल्या बाजूला का?

कळवेकर (मंगळवार, सकाळी ७:३०)

हो, बरोबर खालच्या बाजूला! वरची बाजू एकसारखी काळी आहे.

पारसिक_डोंगर (मंगळवार, सकाळी ८:०२)

मग ती अ‍ॅल्युमिनाची करामत. बेरियम अ‍ॅल्युमिनाशी संयोग करतो, तेवढ्या भागात तो कमी पडतो आणि हिरवं २११ संयुग, म्हणजे जास्त इट्रियमचं ऑक्साइड, मागे राहतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियम साखळीतल्या तांब्याच्या जागी घुसतो आणि संक्रमण तापमान खाली ओढतो. पुढच्या वेळी बोटीत त्याच पावडरीचा २-३ मिमी थर पसरा आणि त्यावर गोळी ठेवा. नाहीतर आधीच्या फसलेल्या गोळीचा पाट करा.

आताच्या गोळीची खालची बाजू कोरड्या पॉलिश पेपरने खरवडा. पाणी अजिबात नाही.

हिरवं सगळीकडे पसरलेलं असतं तर अर्थ वेगळा निघाला असता: घोटणं कमी पडलं, वजनात इट्रियम जास्त झालं, किंवा भट्टीचा थर्मोकपल चुकीचा आहे आणि आत १०१० अंशांच्या पुढे गेलंय. तिथे १२३, म्हणजे वायबीसीओ, स्वतःच फुटून २११ आणि वितळलेल्या भागात मोडतो.

नेरुळची_रसायनी (मंगळवार, सकाळी ९:२०)

वजनाचा विषय निघालाच आहे तर १० ग्रॅम पावडरीचा हिशेब देऊन ठेवते, नवीन मंडळींना उपयोगी पडेल.

इट्रियम ऑक्साइड १.६९५ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२४ ग्रॅम, कॉपर ऑक्साइड ३.५८२ ग्रॅम. एकूण ११.२०१. भाजताना कार्बन डायऑक्साइड जातो, त्याचे १.३२ ग्रॅम. म्हणजे भाजल्यावर पावडर ९.९ च्या आसपास भरायला हवी. १०.३ भरली तर कार्बोनेट अजून शिल्लक आहे: पुन्हा घोटा, पुन्हा भाजा. एकदाच १२ तास हे बहुतेक वेळा अपुरं पडतं. दोन-तीन फेऱ्या, दर फेरीला नीट घोटणं, ९०० ते ९३० अंश.

इट्रियम ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. जुलैत बाटली उघडी राहिली असेल तर वजनात पाणी तोललं जातं. तोलण्याआधी ते ९०० अंशांवर काही तास तापवा आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा. घोटताना आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

बेरियम कार्बोनेट विषारी आहे, पोटात गेलं की तिथल्या आम्लात विरघळतं. हातमोजे, मास्क आणि खलाजवळ चहाचा कप नाही. विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

उपवन_तळं (मंगळवार, सकाळी १०:११)

थरांचं काही कळलं नाही. इतकी सगळी रचना, मग काम कोण करतं?

तांब्याचा_थर (मंगळवार, दुपारी १:३५)

चिरोटा डोळ्यांसमोर आणा. पातळ पोळ्या, दोन पोळ्यांमध्ये साटा. इथे पोळी म्हणजे तांबं आणि ऑक्सिजनचा चौकटीसारखा सपाट थर. साटा म्हणजे मधले बेरियम, लँथॅनम, बिस्मथ, पाऱ्याचे थर आणि वायबीसीओत साखळ्या. वीज वाहते पोळीतून. साट्याचं मुख्य काम पोळीला होल पुरवणं. म्हणूनच त्याला भांडारथर म्हणतात.

होल शून्य असताना प्रत्येक तांब्यावर एक इलेक्ट्रॉन अडकलेला असतो. शेजारी जाऊ म्हटलं तर दोघांमधलं प्रतिकर्षण आडवं येतं आणि शेजाऱ्यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनची सूक्ष्म चुंबकं) एकमेकांविरुद्ध उभे राहतात. प्रत्येक तांब्यामागे साधारण ०.०५ होल झाले की अतिवाहकता सुरू होते, ०.१६ ला शिखर, ०.२७ च्या आसपास संपते. आलेख घुमटासारखा. वायबीसीओत भट्टीत ऑक्सिजन भरणं म्हणजे या घुमटावर चढणं, दुसरं काही नाही.

एका गठ्ठ्यात पोळ्या किती, यावरही तापमान ठरतं. पाऱ्याच्या कुटुंबात तीन थरांच्या संयुगाने साध्या दाबाखाली १३३ केल्विन गाठलंय. चौथा थर घातला की तापमान खाली येतं, कारण आतल्या थरांपर्यंत होल पुरेसे पोचत नाहीत.

येऊरचा_वारा (मंगळवार, दुपारी २:२०)

चिरोट्याची उपमा छान, पण तिने एक गैरसमज होईल: थर आहेत म्हणून तापमान जास्त. तसं नाही. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९९४ साली बोरोकार्बाइड कुटुंबातली अतिवाहकता सापडली. त्यातही निकेल-बोरॉनचे थर आहेत. पण त्याचे इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांना जवळपास सारखेच वाहतात आणि अतिवाहकता आणणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या नेहमीच्या पद्धतीने, जाळीच्या कंपनांमुळे बनतात. क्युप्रेटचं, म्हणजे तांबं-ऑक्सिजनच्या थरांच्या अतिवाहकांचं, वेगळेपण थरांपेक्षा थरातल्या त्या प्रतिकर्षणात जास्त आहे.

जोडीचा आकारही वेगळा. क्युप्रेटमध्ये ती डी-तरंग प्रकारची: तांबं-ऑक्सिजन बंधाच्या दिशेने जोर, तिरप्या ४५ अंशांना शून्य, आणि एका बाजूला धन तर शेजारी ऋण चिन्ह. १९९४ मध्ये तीन स्फटिकांच्या सांध्यावर अर्धा फ्लक्स-क्वांटम (चुंबकीय प्रवाहाच्या ठराविक एककाचा अर्धा) अडकलेला दिसला, तो याचाच पुरावा. जोडी कशामुळे बनते, यावर १९८६ पासून वाद चालू आहे. स्पिनच्या चढउतारांकडे बऱ्याच जणांचा कल आहे, माझाही.

तांब्याचा_थर (मंगळवार, दुपारी २:४८)

मान्य. उपमा भांडारथर समजावण्यापुरतीच घ्यावी.

ऐरोली_नाका (मंगळवार, सायंकाळी ६:३०)

खोलीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा दावा झालेल्या एलके-९९ चं पुढे काय झालं?

येऊरचा_वारा (मंगळवार, सायंकाळी ६:५२)

२०२३ मध्ये प्रतिरोधात जी अचानक घसरण दिसली होती ती आत मिसळलेल्या कॉपर सल्फाइडची निघाली, त्याची रचना १०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर बदलते. शुद्ध स्फटिक विद्युतरोधक निघाला. त्याच वर्षीची खरी बातमी निकेलची होती: दोन-थरी लँथॅनम निकेलेट १४ गिगापास्कलच्या वर दाबाखाली ८० केल्विनच्या जवळ अतिवाहक होतो. दोन थर, तांब्याच्या शेजारचं मूलद्रव्य. त्यावर वेगळा धागा हवा.

भट्टीवाला_रबाळे (मंगळवार, रात्री ८:१५)

आता गोळी वाचवायची कृती. टाकून देऊ नका, ऑक्सिजन आत-बाहेर करणं उलटसुलट होणारी क्रिया आहे.

खालची बाजू खरवडून झाली की नळीभट्टीत ऑक्सिजन ५० ते १०० मिली प्रति मिनिट. ३ अंश प्रति मिनिट या वेगाने ६०० पर्यंत, तिथे २ तास. मग मिनिटाला १ अंश उतरत ४५० ला २४ तास. पुन्हा मिनिटाला १ अंश उतरत ३०० पर्यंत, पुढे भट्टी बंद केली तरी चालेल.

नळीच्या बाहेरच्या टोकाला पाण्याचा बबलर लावाल तर मध्ये एक रिकामी बाटली ठेवा. भट्टी गार होताना नळी हवा ओढते आणि पाणी थेट गोळीवर येतं. आत येणारा ऑक्सिजन सिलिका जेलमधून सोडा. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल, ग्रीस काही नको, ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.

वीज गेली तर? कंट्रोलरमध्ये वीज परत आल्यावर तिथूनच पुढे चालू राहण्याची सोय आहे का ते आधी तपासा. काही कंट्रोलर कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करतात. ४५० च्या थांब्यात वीज गेली तर नुकसान नाही, पुन्हा ५०० पर्यंत नेऊन थांबा नव्याने द्या. ९४० वर गेली आणि भट्टी झपाट्याने गार झाली तर गोळीला तडे शोधा.

मिलिओहम (मंगळवार, रात्री ८:४०)

ऑक्सिजन सिलिंडर नसेल तर अडत नाही. हवेतही ४५० अंशांवर दीड-दोन दिवस थांबलं तर चुंबक उचलण्याइतकी गोळी होते.

भट्टीवाला_रबाळे (मंगळवार, रात्री ८:५५)

होते, पण संक्रमण पसरट येतं. आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन दिवस गोळीवरून फिरवत ठेवणं मला पटत नाही. उघड्या भट्टीत तर नाहीच.

नेरुळची_रसायनी (मंगळवार, रात्री ९:३०)

दोघांचा वाद वजनकाट्यावर मिटेल. ६.५ वरून ६.९ ला जाताना गोळीचं वजन साधारण १ टक्का वाढतं. २ ग्रॅमच्या गोळीत १९ मिलिग्रॅम. मिलिग्रॅमचा काटा असेल तर भट्टीत जाण्याआधी आणि आल्यावर तोला.

पक्कं उत्तर हवं असेल तर आयोडीनचं अनुमापन. दोन नमुने, प्रत्येकी १०० मिलिग्रॅम. पहिला विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून दहा मिनिटं हलकेच उकळायचा, गार झाल्यावर पोटॅशियम आयोडाइड घालून सोडियम थायोसल्फेटने अनुमापन. दुसरा नमुना थेट आयोडाइड घातलेल्या आम्लात, खालून नायट्रोजनचे बुडबुडे सोडत, नाहीतर हवा आयोडाइडला ऑक्सिडाइझ करते. दर ग्रॅममागे लागलेल्या थायोसल्फेटचं गुणोत्तर काढा, दुसरं भागिले पहिलं. त्याला १.५ ने गुणून ५ मिळवा, तो ऑक्सिजनचा आकडा. गुणोत्तर १ आलं तर ६.५, १.३३ आलं तर ७. स्टार्च शेवटी घाला. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, सोडियम सल्फेट घालून बेरियम खाली बसवा आणि गाळून घ्या.

उपवन_तळं (मंगळवार, रात्री १०:०२)

वाचनखूण साठवली. बिस्मथच्या प्रश्नाचं मात्र राहिलंच.

तांब्याचा_थर (बुधवार, सकाळी ८:४५)

हो, तो प्रश्न सुंदर आहे. ७७ ला ११० ने भागलं तर ०.७०, ९२ ने भागलं तर ०.८४. म्हणजे बिस्मथ आपल्या संक्रमणापासून जास्त लांब आहे, त्यानेच चुंबक जास्त घट्ट धरायला हवा.

पण चुंबकीय क्षेत्र या पदार्थांत भोवऱ्यांच्या रूपाने शिरतं. चुंबक जागीच अडकून राहतो तो हे भोवरे दोषांवर अडकतात म्हणून. वायबीसीओत साखळ्याही वीज वाहतात, त्यामुळे थराथरांत चांगलं नातं असतं आणि भोवरा सलग दोरीसारखा राहतो. एका ठिकाणी गाठ बसली की पूर्ण दोरी अडकते. बिस्मथमध्ये दोन गठ्ठ्यांच्या मधला बिस्मथ-ऑक्सिजनचा भाग जाड आणि जवळपास रोधक. तिथे दोरी तुटून प्रत्येक थरात सुटी चकती होते. ७७ केल्विनच्या उष्णतेत या चकत्या आपापल्या दिशेने सरकतात, एक अडकली तरी बाकीच्या मोकळ्या. इतकं सैल नातं की त्याच कुटुंबातल्या बिस्मथ-२२१२ चा एक स्फटिक म्हणजे एकावर एक रचलेल्या जोसेफसन जोडांची (मध्ये पातळ रोधक असलेल्या दोन अतिवाहकांच्या जोडांची) चळत, हे १९९२ मध्ये मोजून दाखवलं गेलं.

तुमच्या गोळीत आणखी एक अडचण: कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात. दोन कणांच्या थरांमध्ये १० अंशांहून जास्त कोन झाला की सांधा कमकुवत पडतो, कारण जोडीची लांबी थरात दीड नॅनोमीटर आणि थरांना काटकोनात त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी. म्हणून भाजलेल्या गोळीत ७७ केल्विनला चौरस सेंटिमीटरला काहीशे अँपिअर आणि चांगल्या पातळ फिल्ममध्ये दहा लाखांच्या वर. अतिवाहक टेपमध्ये धातूच्या पट्टीवर आधी दिशा धरलेला ऑक्साइडचा थर चढवतात, तो याचसाठी.

पारसिक_डोंगर (बुधवार, सकाळी ९:३०)

नायट्रोजनबद्दल दोन गोष्टी. १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. ३ बाय ३ बाय ३ मीटरच्या बंद एसी खोलीत ५ लिटर सांडला तर ऑक्सिजन २१ वरून १८ टक्क्यांवर येतो, आणि १९.५ च्या खाली थांबू नये. खिडकी उघडी ठेवा. ड्यूअर (द्रव नायट्रोजनचं भांडं) लोकलमधून, बंद काचांच्या गाडीतून किंवा माणसांसोबत लिफ्टमधून न्यायचा नाही. घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये तर मुळीच नाही.

दुसरं, उघड्या भांड्यात तासाभराने हवेतला ऑक्सिजन विरघळत जातो आणि द्रवाचं तापमान ७७ च्या वर सरकतं. गोळी ८० ला काठावर असेल तर सुरुवातीला उचललेला चुंबक नंतर बसतो आणि माणूस गोळीला दोष देतो.

प्रयोगानंतर गोळीवर बर्फ जमतो. तो वितळला की पाणी बेरियमला बाहेर काढतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचं कार्बोनेट करतो आणि पृष्ठभागावर पांढरी भुकटी येते. गोळी पातेल्यातून काढताच पॉलिथिनच्या पिशवीत घाला, पिशवीत कोरडा नायट्रोजन सोडून तोंड सैल बांधा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. मग आयसोप्रोपिलने पुसून डेसिकेटरमध्ये.

कळवेकर (पुढच्या सोमवारी, रात्री ८:२०)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं, त्याची माहिती देतो.

आधी अनुमापन: गुणोत्तर १.०२, म्हणजे ऑक्सिजन ६.५३. रसायनीताईंचा अंदाज तंतोतंत. खालची बाजू खरवडून गोळी १.९८४ ग्रॅम भरली. ऑक्सिजनमध्ये भट्टीवाल्यांचा कार्यक्रम चालवून बाहेर काढल्यावर २.००२. हिशेबाने ६.९०.

चुंबक उचलला जातो, साधारण ३ मिमी. बोटाने ढकलला तरी परत जागेवर येतो.

चार टोकांनी ५० मिलिअँपिअरला ९१ केल्विनपासून घसरण सुरू होते, ८७ ला वाचन मीटरच्या १ मायक्रोव्होल्टच्या खाली जातं. मध्ये ८९ च्या खाली लांब शेपूट आहे. ५ मिलिअँपिअरला ते ८९ लाच शून्य दिसतं. शेपूट प्रवाहामुळे आहे का?

मिलिओहम (सोमवार, रात्री ९:०५)

अभिनंदन! शेपूट कणांमधल्या सांध्यांची आहे. कण ९१ ला अतिवाहक झाले, सांधे अजून व्हायचे आहेत, आणि प्रवाह वाढवला की सांधे आधी हार मानतात.

पण तुमच्या दोन वाचनांची तुलना अजून करू नका. १ मायक्रोव्होल्टची मर्यादा ५० मिलिअँपिअरला २० मायक्रोओहम होते आणि ५ मिलिअँपिअरला २०० मायक्रोओहम. कमी प्रवाहाला शून्य लवकर दिसणारच, कारण मीटर दहापट आंधळा झाला. दोन्ही आलेखांवर २०० मायक्रोओहमची आडवी रेघ मारा आणि ते तिला कुठल्या तापमानाला कापतात ते पाहा. तिथेही फरक उरला तर तो सांध्यांचा. २० मिलिअँपिअरचं एक वाचनही घ्या आणि तिन्ही आलेख इथे टाका.

कळवेकर (सोमवार, रात्री ९:१२)

उद्या दुपारच्या प्रात्यक्षिकात घेतो. नायट्रोजन ४ लिटर शिल्लक आहे, तेवढ्यात होईल.